पहिल्या हजेरीची इजाजत

केडगाव, नगर
९ नोव्हेंबर २०२५

मामू, सलाम.

बातमी आधी. तुमचा रिपोर्ट स्वच्छ आला. गळ्यात नवीन काही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी काल दुपारी स्वतः आसिफला फोन करून सांगितलं. त्याने फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मी, अम्मी आणि खालच्या लंकाबाई अशा तिघींनी ऐकलं. लंकाबाईंनी तर मधेच डॉक्टरांना स्वतःच्या गुडघ्याचंही विचारून घेतलं. आता थेट फेब्रुवारीत दाखवायचं.

हे मेसेजवर कळवता आलं असतं. पण जुलैत तुमचं स्वरयंत्र काढलं तेव्हापासून तुम्ही प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा पाठवता. मी लिहिलं, "जेवलात का?" अंगठा. "मामी बरी आहे का?" अंगठा. "मामू, रागावलात का?" अंगठा. अंगठ्यावरून माणूस कळत नाही, म्हणून पत्र. आपण घरात बोलतो दखनी, पण दोघांची शाळा मराठी. तेव्हा मराठीतच उत्तर द्या.

माझं चाललं आहे. फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचा हंगाम आहे. काल एका भाऊंचं तोंड मी इतकं गोरं केलं की त्यांच्या आईने दुकानात येऊन विचारलं, हा कोण? सिमरन शेजारच्या टेबलावर असते. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

सिमरनबरोबर पुण्याला एका मोठ्या कार्यक्रमाला गेले होते. मैदानात उभं राहून ऐकायचं. गायक आमच्यापासून इतका लांब की आम्ही त्याला पडद्यावरच पाहिलं. दारात मनगटावर एकेक पट्टा बांधतात, गाणं सुरू झालं की सगळ्यांचे पट्टे एकदम निळे, एकदम लाल. पुढची मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत रडत होती. मला काही झालं नाही. पाय दुखले. तुमच्या कव्वालीच्या कार्यक्रमात मी सतरंजीवर झोपून जायचे, तरी सकाळी गाणं आठवायचं.

कॉमिकचं काम सुरू केलं आहे. लहान मुलांसाठी, छोटं पुस्तक. तुम्ही कार्यक्रमाहून येताना रद्दीवाल्याकडून जी हेरांची कॉमिक्स आणायचात आणि मला द्यायच्या आधी टेम्पोत स्वतः वाचून संपवायचात, त्यांचा हा परिणाम. पानं झाली की पाठवते.

आसिफ बरा आहे. तुमचा शागीर्द आणि माझा भाऊ, या क्रमाने. एमआयडीसीत शिफ्ट चालू आहे, त्यामुळे घरी कमी असतो.

तुमची,
नाझनीन


राहाता
१७ नोव्हेंबर

नाझो, दुवा.

पत्र मिळालं. रिपोर्टचं आसिफने तुझ्या मामीला फोनवर सांगितलंच होतं. ती रडली, मग शेजाऱ्यांना पेढे वाटून आली. मी ओट्यावर बसलो होतो. लोक येऊन पाठीवर हात ठेवून गेले. मला आनंद व्हायला हवा होता हे मला कळत होतं. ते कळण्यापलीकडे काही झालं नाही.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. दुखत नाही. हनुवटीपासून खाली मान बधिर आहे. दाढी करताना कापलं तर रक्त दिसल्यावर समजतं. श्वास मानेच्या भोकातून चालतो, त्यामुळे नाकाला काम उरलेलं नाही. बागेत पेरू उतरायला सुरुवात झाली आहे, सगळं घर घमघमतंय असं मामी म्हणते. मला फक्त पिवळे दिसतात. चहावर फुंकर मारता येत नाही. तोंडात हवाच नसते. बशीत ओतून ठेवतो आणि निवायची वाट पाहतो. वाट पाहायला आता वेळ आहे.

बोलायला पाटी घेतली आहे, शाळेतल्यासारखी. मामी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा तुमचं म्हणणं पुसता येतं.

मागच्या आठवड्यात शेजारी भजन होतं. मला पुढे बसवलं. पखवाज चांगला होता, गळा चढा होता, कान माझे शाबूत आहेत. कुठे चुकलं ते सगळं समजलं. आत काही हललं नाही. भिंतीपलीकडे कोणी भांडी घासत असावं तसं. तुझ्या पुण्याच्या मैदानाचं वाचून बरं वाटलं, म्हणजे हे फक्त मलाच होत नाही.

पट्टे आपोआप रंग बदलतात म्हणजे दाद द्यायचं कामही यंत्राने घेतलं. सोय आहे.

हार्मोनियम आसिफकडे ठेवायला दिली आहे ती त्याने अधूनमधून उघडावी. बंद राहिली तर सूर धरतात. रियाज करतो का, तेही लिही. आपली कव्वाली पार्टी तर आता मिटलीच. गहिनीनाथ ढोलक घेऊन मिरजगावला शेती बघत असेल.

पानं पाठव. हेरांची कॉमिक्स अजून पेटीत आहेत, परवा दोन वाचली. खुनी कोण ते मला आठवत होतं, तरी वाचली.

खाजा मामू


केडगाव
३० नोव्हेंबर

मामू, सलाम.

सोबत सहा पानं. नाव अजून ठरलेलं नाही. वानरांची एक कव्वाली पार्टी आहे आणि ती टेम्पोतून गावोगाव फिरते. म्होरक्या वानर म्हातारा आहे, टोपीवाला आणि तापट. तो तुम्ही नाही. (थोडे तुम्ही.) रस्त्यात टायर पंक्चर होतं, तेव्हा ते बांधावर बसून गायला लागतात आणि उसाची ट्रॉली थांबते. ट्रॉलीवाल्याला गाणं आवडतं, पण वानरांचं लक्ष उसाकडे. पुढचं तुम्हीच बघा.

वाद्यं मनाने काढायची नाहीत असं ठरवलं होतं. सिमरनच्या चुलत बहिणीचं लग्न केडगावच्या लॉनवर झालं, तिथे जेवणानंतर कव्वाली होती. वही घेऊन पुढे बसले आणि हात, बोटं, मांड्या, सगळं उतरवून घेतलं. पार्टी बीडकडची होती म्हणे. गाणारा मुलगा बरा होता. वर जाताना जरा घाबरत होता. पण लोक उठून गेले नाहीत, आइस्क्रीम सुरू झालं तरीसुद्धा. लॉनवर याहून मोठी दाद नसते.

हार्मोनियम उघडली जाते. रियाजही होतो.

नवीन वेड म्हणजे सिमरनने मला बॅडमिंटन शिकवायला घेतलं आहे. मी फुलाला मारायच्या ऐवजी जाळीला मारते. मनकर्णा म्हणून एक आजी रोज तिथे फेऱ्या मारायला येतात. काल म्हणाल्या, "पोरी, जाळीनं तुझं काय केलं गं?"

पानांवर खरं मत द्या. गोड लिहू नका.

नाझनीन


राहाता
८ डिसेंबर

नाझो, दुवा.

पानं तीनदा पाहिली. ट्रॉलीवाला फर्मास. वानरांची टाळी चांगली आहे, बोटं फाकलेली, तळवे पोकळ. असंच असतं, नाहीतर आवाज चपटा येतो. म्होरक्याची टोपी माझी आहे, नाकारू नकोस. चौथ्या पानावर ऊस खाता खाता कोरस गाणारा वानर पाहून मी हसलो. माझं हसणं म्हणजे आता फक्त खांदे हलतात. मामीला वाटलं ठसका लागला.

आता मत. तुझा ढोलकवाला वानर जाड आवाजाची मोठी बाजू उजव्या हाताने वाजवतो. ती डाव्या हाताला असते. आधी वाटलं, संगणकावर चित्र उलटं झालं असेल. म्हणून शेजारचा हार्मोनियमवाला पाहिला. त्याचा भाता डाव्या हातात आहे, बोटं उजवी. म्हणजे चित्र सुलटं आहे. तू मनाने काही काढत नाहीस, तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस. सहाही पानांत ढोलक तशीच आहे.

डावखुरा ढोलकवाला मी आयुष्यात एकच पाहिला. तो बीडचा नाही.

आणि गहिनीनाथ परक्या पार्टीत बसत नाही. त्याला तसं विचारायला गेलेल्यांना तो काय म्हणतो ते मी ऐकलेलं आहे, पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणजे लॉनवर आपली पार्टी होती. मग वर जाताना घाबरणारा मुलगा कोण, हे सांगायला हेर लागत नाही.

वाचून झाल्यावर मला राग यायला हवा होता. चाळीस वर्षं मुख्य गाणाऱ्याच्या मधल्या जागेवर मी बसलो, माझ्या आधी माझे वालिद बसले. मी ओट्यावर जाऊन रागाची वाट पाहिली. मामी येऊन शाल टाकून गेली. राग आला नाही. आनंदही आला नाही. पोपट पेरूंवर बसले होते, त्यांना हाकलायला हवं होतं, तेही मी केलं नाही.

तेव्हा रागावलेला माणूस विचारतो आहे असं समजू नकोस. साधा प्रश्न आहे. आसिफ कधीपासून बसतो? आणि कोणाच्या इजाजतीने?

खाजा मामू


केडगाव
२७ डिसेंबर

मामू,

उत्तराला उशीर केला. लिहायचं काय ते घरात ठरत नव्हतं.

सप्टेंबरपासून बसतो. तुमच्या ऑपरेशनच्या आधी घेतलेल्या सुपाऱ्या होत्या, लोकांनी पत्रिकेत पार्टीचं नाव छापलेलं. गहिनीनाथ काका म्हणाले, जायला तर पाहिजे. आसिफ आधी बाजूलाच बसायचा, मध्ये नुसती हार्मोनियम. दुसऱ्या कार्यक्रमाला माइकची वायर तिथवर पुरेना, तेव्हा साउंडवाल्याने त्याला मध्ये सरकवलं. असा तो मध्ये आला. इजाजत कोणाचीच नव्हती. तुम्हाला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अम्मी म्हणाली, दिवाळीनंतर सांगू. दिवाळी झाली. मग मी ती बीडची पार्टी काढली.

तुमचं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. आसिफ समोर होता आणि काका फोनवर. ढोलकचा भाग आला तसे काका ओरडले, "मी म्हन्लं हुतं का न्हाई! ह्या पोरीपुढं वाजवायचं न्हाई. ही चित्रं काढती!"

आसिफ मला म्हणाला, "वानरच काढायचे होते तर डमरू द्यायचा ना हातात."

मी म्हटलं, "दिसलं ते काढलं."

"मग मलाही काढलं असशील."

"तुझं तोंड मी कोरसमध्ये टाकलंय. ऊस खाणारा."

तो हसला नाही. त्या दिवशी जेवलाही नाही. तेव्हापासून हार्मोनियम बंद आहे, हे मी या वेळी खरं लिहिते आहे.

आता अडचण. बुधवारी मळ्यातल्या पीरबाबांच्या उरुसाचा फ्लेक्स आमच्याच दुकानात आला. कमिटीचे कल्याणभाऊ स्वतः आले होते. शुभेच्छुकांचे फोटो इतके की बाबांच्या घुमटाला जागा उरली नाही, मी घुमट एका माजी सरपंचाच्या कानामागे बसवला आहे. खाली सुरुवातीच्या कव्वालीचं लिहायचं आहे, "पहिली हजेरी", आणि पुढे कव्वालाचं नाव. ते मोकळं आहे. कल्याणभाऊ म्हणाले, "तुमच्या आजोबांपासून पहिली हजेरी तुमच्या पार्टीची. पन मला बारा तारखेपर्यंत नाव पायजे. नसंल तर पोरं म्हनत्यात ऑर्केस्ट्रा आना. आन एकदा ऑर्केस्ट्रा आला की पुढच्या साली तुमाला कोन बोलवनार, तूच सांग."

आसिफ म्हणतो, लग्नात बसलो ते बसलो, पीरबाबांपुढे मामूंच्या इजाजतीशिवाय बसणार नाही. आणि ती मागायला तुमच्यासमोर यायचं म्हटलं तर त्याचे पाय उचलत नाहीत. काका म्हणाले, मी राहात्याला जाऊन येतो.

नाझनीन


राहाता
३ जानेवारी २०२६

नाझो, दुवा.

गहिनीनाथ येऊन गेला. मिरजगावहून एसटीने, मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी. ढोलक आणली नव्हती. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याशिवाय घरी आला. त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला समजत नव्हतं.

चष्माही आणला नव्हता. मी पाटीवर लिहायचं आणि मामीने वाचून दाखवायचं, असं ठरलं. तुझी मामी कशी वाचते ते ऐक.

मी लिहिलं, "कोणाला विचारून बसवलंस?"

ती म्हणाली, "ते विचारताहेत, चहा घेणार का."

"घेतो की," गहिनीनाथ म्हणाला.

मी पाटी तिच्यासमोर आपटली. ती म्हणाली, "आणि विचारताहेत, साखर किती."

"वैनी, त्यांचं तोंड बघून साखरंचं वाटत न्हाई."

"त्यांचं तोंड जुलैपासून असंच आहे, भाऊजी. मी कशाला वाचू? तुम्हाला समजलंय ना काय लिहिलंय ते."

मग तो बोलला. "व्हय, समजलं. मीच बसवला. मामाला सांगतो म्हनत हुता पोरगा, मीच म्हन्लं थांब. तुमी दवाखान्यात हुता, नळ्या लावल्याल्या. तिथं यिऊन मी काय म्हनू, तुमची गादी दुसऱ्याला दिली? माजी जीभ न्हाई उचलली."

मी लिहिलं, "गातो कसा?" हे मामीने जसंच्या तसं वाचलं.

गहिनीनाथने बराच वेळ शेंगा सोलल्या. "खोटं न्हाई बोलत. तुमच्यावानी न्हाई. वर जाताना भितो. मी ठेका जरा आवरून धरतो, मग येतो बरोबर. पन एक हाय. तो लोकांकडं बघून गात न्हाई, माज्या हाताकडं बघून गातो. तुमी कवाच बघितलं न्हाई माज्या हाताकडं."

मामी हसली.

तो गेल्यावर मी बसून राहिलो. माझी जागा भरली आहे, आणि भरणारा माझ्याच बहिणीचा मुलगा आहे. एखाद्याला यात दुःख झालं असतं, एखाद्याला समाधान. मी चहा प्यायलो.

पण ऑर्केस्ट्राचं मला चालणार नाही. हे वाटण्याचं नाही, ठरवण्याचं आहे, आणि ठरवता मला अजून येतं. फ्लेक्सवर नाव घाल: आसिफ. खाली बारीक अक्षरांत पार्टीचं नाव, ढोलक गहिनीनाथ. इजाजत आहे म्हणून त्याला सांग.

सरपंचाच्या कानामागून घुमट काढ. बाबांना पुढे आण.

खाजा मामू


केडगाव
९ जानेवारी

मामू, सलाम.

घुमट पुढे आणला. माजी सरपंच कोपऱ्यात गेले. कल्याणभाऊ म्हणाले, ते निवडणुकीतही कोपऱ्यातच होते. नाव टाकलं आहे आणि फ्लेक्स छापायला गेला आहे.

तुमचं पत्र मी आसिफच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "ही चिठ्ठी आहे. इजाजत नाही."

मी चिडले. फ्लेक्सवर नाव आहे म्हटलं. तो म्हणाला, "फ्लेक्सवर कोणाचंही नाव येतं, तुमचं दुकान त्यावरच चालतं. मामूंनी इजाजत कशी घेतली होती ते अम्मीला विचार."

अम्मीने सांगितलं. आपल्या पार्टीची रीत म्हणे. पहिल्या हजेरीला नवा माणूस मध्ये बसला की त्याने उस्तादांकडे वळून माइकवर विचारायचं, "इजाजत?" आणि उस्तादांनी माइकवरच "बिस्मिल्लाह" म्हणायचं, मागच्या कनातीपर्यंत ऐकू जाईल असं. त्यानंतर पहिली थाप. आजोबांनी तुम्हाला तसंच म्हटलं होतं, आणि त्यांना त्या दिवशी ताप होता.

गुरुवार बावीसला उरूस आहे. आम्ही जे जे सुचलं ते लिहिते. मामीने तुमच्या वतीने म्हणायचं? आसिफ नको म्हणतो. मी मोठ्या अक्षरांत लिहून धरायचं? मागचे लोक वाचणार कसे? शेवटी साउंडवाल्याने सुचवलं की तुमच्या जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे, त्यात सुरुवातीला तुम्ही "बिस्मिल्लाह" म्हणता, एकदम साफ. तेवढं कापून मोठ्या स्पीकरवर सोडता येईल. आसिफ याला नको म्हणाला नाही, म्हणजे त्याला चालेल बहुतेक. सिमरनला ऐकवलं तर तिच्या अंगावर काटा आला. मामीच्या फोनवर पाठवलं आहे. ऐका आणि कळवा.

दवाखान्याने दिलेल्या त्या गळ्याला लावून बोलायच्या मशीनचं मी कोणाशीच बोललेले नाही. ते तुम्ही कपाटात टाकलं आहे असं मामी म्हणाली. तिथेच राहू दे.

वानरांचं पुस्तक पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाला दाखवलं. त्यांना आवडलं. ढोलक सुलटी करा असं मात्र त्यांनीही सांगितलं. मी नाही करणार.

नाझनीन


राहाता
१६ जानेवारी

नाझो, दुवा.

व्हिडिओ ऐकला. मामी फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेली. मी तो शब्द पुष्कळदा ऐकला. आवाज चांगला आहे. खाली भरलेला आणि टोकाला मोकळा. मी काही चुकतोय का ते तपासत होतो, जसा भजनात तपासत होतो. चूक नाही. रडू येईल असं वाटलं होतं. मामी दाराआडून त्याचीच वाट पाहत होती, शेवटी कंटाळून भाकऱ्या करायला गेली.

तो आवाज वापरायचा नाही. त्या वर्षी तो शब्द मी स्वतःच्या हजेरीला म्हटला होता. तेव्हा आसिफ मागे टाळीला होता आणि त्याने दोनदा ताल सोडला होता. एकाला म्हटलेलं दुसऱ्याला लावत नाहीत. आणि तेव्हा ज्याने तो म्हटला त्या खाजाला या मुलाचं काहीच माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

मशीन काढलं. चार्ज केलं. विजेरीएवढं आहे. मानेला टेकवून बटण दाबायचं आणि तोंड बोलल्यासारखं हलवायचं, मग ते बोलतं. आवाज सिनेमातल्या यंत्रमानवाचा, चढ नाही, उतार नाही. "बिस्मिल्लाह"मधला स नीट येत नाही, ल्ल येतो. पहिल्या दिवशी म्हटलं तेव्हा मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर कोणी लावला?" चौथ्या दिवशी म्हणाली, "हां, आता शब्द कळतो." आज तिने ओट्यावर उभं राहून ऐकलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या आबासाहेबांना विचारलं, काय ऐकू आलं? ते म्हणाले, "बिस्मिल्ला म्हणले जनू." पण ते मला ओळखतात.

उरुसात न ओळखणारेही असतील. पोरं हसतील. हसू देत. तू मला धीट समजशील, तसं काही नाही. सध्या मला काही वाटत नाही, म्हणून हे जमेल. पुढे वाटायला लागलं तर जमणार नाही. तेव्हा याच गुरुवारी.

एक अडचण मात्र आहे. मशीन एका ठरावीक जागीच लागतं, जरा सरकलं की नुसती घरघर. आणि मान बधिर आहे, जागा मला लागत नाही. घरी आरशात बघून लावतो किंवा मामी धरते. मंडपात आरसा कुठून आणणार? मामी म्हणते, "लोकांसमोर मी नवऱ्याची मान धरणार नाही. घरात धरते तेवढी पुरे." म्हणून तू ये. बायकांची बसायची जागा पलीकडे आहे, पण कल्याणला मी मामीकरवी फोन करून सांगितलं आहे, तू माझ्याजवळ बसशील. आदल्या दिवशी, संदलच्या संध्याकाळी, घरी ये. जागा दाखवतो. तू बघून लक्षात ठेवशील.

गुरुवारी दुपारी उशिरा, अस्रच्या नमाजनंतर गहिनीनाथ टेम्पो घेऊन येईल, त्यात आसिफही असेल. त्याला सांग, वाटेत माझ्याशी बोलू नको, माफी मागू नको, मला पाटी धरून उत्तरं द्यावी लागतील. रात्री इशाच्या नमाजनंतर पार्टी बसेल. आसिफ मध्ये. मी त्याच्या उजव्या हाताला, तू माझ्या मागे. दोन माइक सांगितले आहेत. एक त्याच्या तोंडापाशी, दुसरा माझ्या ओठांपाशी.

तो वळून विचारेल. तू मशीन धरशील. मी बटण दाबीन आणि मागच्या कनातीपर्यंत जाईल असं म्हणेन. मग त्याला गावंच लागेल.

खाजा मामू